उलटा सेल

भर दुपारी, अंगणात लख्ख ऊन पडलेलं असताना, पलटणीतले दोन धट्टेकट्टे गडी बटाट्यांच्या तळघरात अंधार करून बसायला निघाले होते, आणि आबी वर उभी राहून त्यांची खरडपट्टी काढत होती.

"थंडीत माणसं ऊन खातात, आणि हे दोन शहाणे बिळात शिरतायत! माझ्या गाजरांना हात लावलात तर याद राखा."

"गाजरं नकोत आबी-ले," स्कर्मा शिडी उतरता उतरता म्हणाला. "आम्ही अंधार खायला आलोय."

"खा पोटभर. तेवढंच खायचं राहिलं होतं तुमचं."

आबी म्हणजे आजी, आणि ले म्हणजे आपला जी. तशी ती हवालदार मोटुपची सख्खी आत्या, पण सगळं गाव तिला आबी म्हणायचं म्हणून तोही तेच म्हणायचा. लेहच्या खाली, सिंधूच्या काठी त्यांचं गाव. घरामागे जमिनीत पुरुषभर खोल खणलेलं हे तळघर. हिवाळाभराचे बटाटे, गाजरं, सलगम त्यात रचून ठेवलेले. वर लाकडी झाकण, झाकणावर गवताचे भारे. झाकण ओढलं की आत रात्र. टॉर्च पारखायचे तर अंधार हवाच, आणि छावणीत रात्री पारखायला बसलं की जितकी डोकी तितक्या सूचना. त्यापेक्षा आत्याचं तळघर बरं, असं मोटुप म्हणाला होता. म्हणजे, कारण म्हणून त्यानं तसं सांगितलं होतं. खरं कारण निराळं होतं, तेही सांगते. जरा दम धरा.

वरच्या चौकीवर हिवाळ्यात रसद घेऊन जाणाऱ्या तुकडीसाठी नवे टॉर्च आणि सेल घ्यायचे होते. दिवसा तिथला बर्फ मऊ पडून सरकतो, म्हणून तुकडी निघायची ती सूर्य बुडाल्यावर, बर्फ कडक झाला की. आणि समोरच्या कड्यावर परक्यांचे डोळे. नमुने आले तेव्हा मेजर कुरुविलांनी मोटुपला बोलावून सांगितलं, "इतके हिवाळे तू तुकडी नेतोयस. तू म्हणशील तो टॉर्च. मी फक्त सही करणार."

आलेल्या नमुन्यांतला एक पहिल्याच दिवशी बाद झाला. बटण एवढंसं की जाड हातमोज्यातून सापडायचं नाही, आणि अंग उघड्या धातूचं. दोन्ही हात गुंतलेले असले की जवान टॉर्च दातात धरतो. स्कर्मानं सकाळच्या गारठ्यात तो दातात धरला आणि ओठाची साल त्यावरच ठेवून आला. "पहिलीच पापी, आणि काय ही निर्दय!" म्हणत दोन दिवस ओठाला लोणी चोळत फिरत होता.

उरले दोन. त्यांची नावं स्कर्मानंच पाडली. एक पांढऱ्याशुभ्र झोताचा. लावला की समोरचा अख्खा डोंगर दिवाणखान्यासारखा उजळायचा. तो नवरदेव. दुसऱ्याला कमी-जास्त करायची सोय होती, पण तो पारखायचा होता सगळ्यात कमीवर. तेवढ्यावर तो विझत आलेल्या निखाऱ्यासारखा तांबूस, पावलापुरता उजेड द्यायचा. त्याचं नाव लामा. का, तर कमी बोलतो आणि रात्रभर जागा राहतो.

सेलांचा निकाल आबीच्या गच्चीवर लागला होता. दोन्ही जातीचे सेल वाडग्यात घालून रात्रभर बर्फात पुरून ठेवले. सकाळी साधे सेल मेल्यासारखे. काखेत धरून ऊब दिली की जरा धुगधुगी यायची, एवढंच. दुसरे वजनाला हलके, किमतीला भारी, पण गारठ्यात रात्र काढून टवटवीत. दोघांना काखेत सेल धरून चुलीपाशी बसलेलं बघून आबी म्हणाली होती, "काय रे, अंडी उबवताय? पिल्लं निघाली की एक मला द्या." सेल हलकेच घ्यायचे, यावर दुमत नव्हतं. आणि दिवा? अंधारातल्या वाटेची ज्याला अक्कल आहे असा कुणीही सांगेल, लामा. नवरदेव सेल ढोसतो, अर्ध्या वाटेत पिवळा पडतो, समोरच्या कड्याला आपली वरात दाखवतो, आणि मागून येणाऱ्यांचे डोळे दिपवून त्यांना आंधळं करून सोडतो. हे सगळं मोटुपनंच पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं.

आणि तरी मोटुपला नवरदेव हवा होता.

कारण मोटुपला अंधारात दिसेनासं झालं होतं. हे एका रात्रीत झालं नव्हतं. आधी चांदण्या कमी झाल्या. मग संध्याकाळ लवकर व्हायला लागली. मग एका दिवाळीसारख्या रात्री, गल्दान नामचोतला, गावभर तुपाचे दिवे लागलेले असताना तो गच्चीवर उभा होता आणि त्याला सगळ्या ज्योती दिसल्या, पण त्यांनी उजळलेलं काहीच दिसलं नाही. भिंत नाही, माणसं नाहीत, स्वतःचा हात नाही. काळ्या पाण्यावर नुसत्या ज्योती तरंगत होत्या. किती सुंदर, असं त्याला क्षणभर वाटलं. हे त्याच्या ओळखीचं होतं. त्याचा बाप नुरबू रातांधळा होता. दिवस मावळला की कुरणातून घरी यायचा तो झोमोचं, म्हणजे आपल्या याकमिश्र गाईचं, शेपूट धरून. गावातली पोरं मागून ओरडायची, "शेपटीवाला आला, शेपटीवाला!" मोटुपही त्या पोरांच्यात उभा असायचा. ओरडायचा नाही, पण त्यांना गप्पही करायचा नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून दोन हिवाळे त्यानं ती घट्ट झाकली होती. कमरेला दोर, सगळ्यात पुढे बर्फ फोडायला स्कर्मा, त्याच्या मागे मोटुप, मागे बाकीचे. माझे पाय वाट ओळखतात, असं तो स्वतःला सांगायचा. एकच वैताग होता, हा स्कर्मा. चढावर दम पुरवून चालावं की नाही? तर हा गुणगुणत राहायचा. कुठलं तरी लग्नातलं गाणं, तेही बेसूर, हळू आवाजात पण अखंड. मोटुपनं त्याला झापलं, शिव्या दिल्या, चहा बंद करीन म्हणाला. स्कर्मा म्हणजे कोडगा नंबर एक. "आचो, तोंड बंद केलं की माझे पाय बंद पडतात," म्हणायचा. आचो म्हणजे थोरला भाऊ.

पण नवरदेव मिळाला असता तर! त्या झोतात मोटुपला दिसत होतं. दगड दगडासारखा, माणूस माणसासारखा. अजून एक हिवाळा, कदाचित दोन, आणि मग मानानं पेन्शन. कुणी म्हणणार नाही की बापावर गेला. छावणीतल्या रात्रीत सगळ्यांच्या देखत पारख झाली असती तर त्याचं पितळ उघडं पडलं असतं. तळघरात साक्षीला एकटा स्कर्मा, आणि तो तर बडबड्या, त्याचं लक्ष कुठे असतं. साहेबांना काय सांगायचं तेही त्यानं मनात घोळवून ठेवलं होतं. उजेड जास्त साहेब, पाय घसरायचा नाही.

स्कर्मानं वरचं झाकण ओढलं. डोळे अंधाराला सरावेपर्यंत पारख करायची नाही, हा मोटुपचाच नियम. म्हणून दोघं बटाट्यांच्या ढिगाला पाठ लावून गप्प बसले. झाकणाच्या कडेनं केसाएवढी उजेडाची रेघ येत होती. ओल्या मातीचा, कोंब फुटलेल्या बटाट्यांचा गोडसर वास सुटला होता. वर कुठेतरी आबीच्या चपला सरपटत गेल्या आणि थांबल्या.

"दिसायला लागलं हं," थोड्या वेळानं स्कर्मा कुजबुजला. "ती शिडी. ते गाजरांचं टोपलं. तुमचं नाक, आचो. नाक तर आधी दिसलं."

"हो. मलाही दिसतंय," मोटुप म्हणाला.

त्याला काही दिसत नव्हतं. तो अंधार त्याच्यासाठी पातळ होत नव्हता, उलट मऊ आणि दाट होत चालला होता, मेंढीच्या लोकरीसारखा, आणि त्यात त्याचा बाप चालत येत होता. हे स्वप्न होतं की आठवण, त्याला कळेना. झोमोच्या गळ्यातली घंटा वाजत होती. बाप म्हणत होता, चल रे, अंधार काही चावत नाही. मोटुपला वाटलं, आपण उठावं आणि त्याच्या मागे चालू लागावं, भिंतीतून, मातीतून, सिंधूच्या तळातून, पार पलीकडे. त्याचे डोळे मिटले होते की उघडे, तेही त्याला सांगता आलं नसतं.

"आचो, झोपलात?"

"नाही रे. लाव नवरदेव."

नवरदेव लागला. एकदम सगळं जग परत आलं. बटाटे, टोपलं, शिडी, स्कर्माचं सोललेल्या ओठाचं तोंड. मोटुपला हुश्श झालं. त्या पांढऱ्या उजेडाची त्याला माया वाटली, खरंच, माणसाची वाटावी तशी.

"आई गं!" स्कर्मा डोळे झाकून ओरडला. "बंद करा, बंद करा. आता पुन्हा पहिल्यापासून बसा. बघा, हा असा. स्वतः मिरवतो आणि वऱ्हाड आंधळं करतो."

पुन्हा अंधार, पुन्हा बसणं. मग स्कर्मानं लामा त्याच्या हातात दिला.

इथे एक सांगायला हवं. पलटणीत जुनी सवय आहे. टॉर्च पिशवीत ठेवताना त्यातला एक सेल उलटा घालून ठेवायचा. चालताना बटण दाबलं गेलं तरी मग तो आपोआप लागत नाही, सेल फुकट जळत नाहीत, आणि नको त्या वेळी पाठीवर उजेड पडत नाही. वापरायच्या आधी सेल फिरवून सरळ करायचा. ही सवय स्कर्माला लावली तीही मोटुपनंच.

मोटुपनं बटाट्यांकडे रोखून बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, थांबून पुन्हा दाबलं. काहीच नाही.

"काय रे गाढवा, सेल उलटाच ठेवलास?" तो म्हणाला. स्कर्मा काही बोलण्याआधीच त्यानं मागची टोपी फिरवून काढली, सेल बाहेर घेतला, फिरवला आणि परत घातला. बोटं गारठलेली. सेलाची गुंडी कुठल्या टोकाला आहे ते चाचपून बघायचं असतं, तेही त्यानं केलं नाही. हाताला सवय होती. टोपी बसवली आणि बटण दाबलं.

स्कर्मा क्षणभर गप्प होता. स्कर्मा गप्प! मग म्हणाला, "हां. आता लागला बघा. झकास. सगळे बटाटे दिसतायत."

"दिसतायत," मोटुप म्हणाला. "पण फारच मिणमिणता. यात कुणाचा तरी पाय घसरेल. साहेबांना नवरदेवच सांगावा म्हणतो."

"तुम्ही म्हणाल ते, आचो," स्कर्मा म्हणाला. आणि हळूच ते लग्नाचं गाणं गुणगुणायला लागला.

वर आल्यावर आबीनं लोण्याचा खारा चहा दिला. स्कर्मा गाजरं मोजून दाखवतो म्हणत तिच्याशी भांडायला गेला. मोटुप उन्हात भिंतीला टेकून बसला आणि टॉर्च पिशवीत ठेवायच्या आधी सवयीनं लामाची टोपी काढली, एक सेल उलटा करायला.

सेल आधीच उलटा होता.

तो बघत राहिला. आपण तर खाली तो सरळ केला. त्यानंतर टॉर्च आपल्याच हातात. म्हणजे आपण सरळ केला तेव्हा तो उलटा झाला. म्हणजे त्याच्या आधी तो सरळ होता. म्हणजे टॉर्च लागलेला होता. आपल्या हातात लागलेला होता, बटाट्यांवर उजेड पडत होता, आणि आपण तो उघडून विझवला. मग मिट्ट काळोखात आपण म्हणालो, दिसतायत. आणि स्कर्मा म्हणाला, झकास.

चहाचा वाडगा तसाच गार झाला. वर लोण्याची साय धरली. आबी येऊन शेजारी बसली. म्हाताऱ्या माणसाला विचारावं लागत नाही.

"तुझ्या बापाचंही असंच झालं होतं," ती म्हणाली. "पहिले दोन हिवाळे लपवलंन्. आम्हाला म्हणायचा, झोमोला वाट दाखवतो. मग एकदा शेळ्या घेऊन नाल्यात गेला. स्वतः वाचला, शेळ्या गेल्या. त्यानंतर शेपूट धरलंन्, सगळ्यांच्या देखत. शरम शेपूट धरण्याची नव्हती रे त्याला. त्या शेळ्यांची होती."

मोटुपला रडू आलं. त्यानं ते लपवलं नाही. उन्हात बसून, गुडघ्यावर लामा आणि उलटा सेल ठेवून, तो लहान पोरासारखा रडला. बापासाठी रडला, त्या ओरडणाऱ्या पोरांत गप्प उभं राहिलेल्या पोरासाठी रडला, आणि वरच्या वाटेसाठीही, जी त्याची होती आणि आता नव्हती. दोराला मागे बांधलेल्या पोरांची तोंडं एकेक करून त्याच्या डोळ्यांपुढे आली. शेळ्या नव्हत्या त्या.

स्कर्मा आला तेव्हा मोटुपनं नुसता उघडा टॉर्च पुढे केला. स्कर्मानं सेलाकडे पाहिलं आणि त्याची मान खाली गेली.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"गेल्याच्या गेल्या हिवाळ्यापासून. रात्री तुम्ही माझ्या वाळत घातलेल्या कोटाला म्हणालात, उभा काय राहिलास, झोप जा."

"आणि गप्प बसलास?"

"गप्प कुठे बसलो, आचो? दोन हिवाळे घसा फोडून गातोय. मला काय गाण्याची हौस? माझा गळा म्हणजे फुटका डबा, मला ठाऊक नाही? तुम्हाला कळावं, मी कुठल्या अंगाला वळलो ते. वळणावर आवाज चढवायचो, उतारावर ओढायचो. तुम्ही शिव्या द्यायचात, मग मला बरं वाटायचं. म्हणजे ऐकू येतंय."

दोन हिवाळे मोटुप स्वतःला सांगत होता, माझे पाय वाट ओळखतात.

"म्हणजे तू माझी झोमो," तो शेवटी म्हणाला.

"शेपूट तेवढं नाही," स्कर्मा म्हणाला, आणि दोघंही हसले, आणि हसता हसता स्कर्माचाच चेहरा वाकडा झाला. "साहेबांना नवरदेव सांगा, आचो. एकच हिवाळा. मी आहे ना पुढे."

"आणि गाता गाता तूच घसरलास तर? मागच्यांना मी काय दाखवू, बटाटे?"

मेजर कुरुविलांच्या खोलीत कोपऱ्यातल्या बुखारीत जाळ धडधडत होता. मोटुपनं दोन्ही टॉर्च टेबलावर ठेवले.

"लामा, साहेब. हलक्या सेलांसकट. आणि पुढच्या दोरावर मी नाही. मला अंधारात दिसत नाही."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. रागावतील, असं मोटुपला वाटलं होतं. रागावले असते तर सोपं गेलं असतं. "दोन हिवाळे माझी माणसं तुझ्या भरवशावर गेली," ते एवढंच म्हणाले. मग टेबलावरचा नवरदेव उचलून त्यांनी हातात फिरवला. "हा घ्यावासा वाटला असेल."

"वाटला, साहेब. फार वाटला."

साहेबांनी डॉक्टरांना चिठ्ठी दिली आणि सेलांची, टॉर्चांची जबाबदारी मोटुपवर टाकली. तळावरच राहायचं.

तुकडी निघाली त्या संध्याकाळी आकाश निळं होतं, मग जांभळं झालं, मग मोटुपपुरतं संपलं. सेल त्यानं दुपारपासून स्वतःच्या कोटात छातीशी धरून ठेवले होते. हलके सेल असले तरी ऊब वाया जात नाही, असं त्याचं म्हणणं. एकेक जवान पुढे येत गेला, आणि तो चाचपून, गुंडी कुठल्या टोकाला आहे ते बोटानं दोनदा बघून, प्रत्येकाच्या टॉर्चमध्ये सेल सरळ घालत गेला. कुठला हात कुणाचा ते त्याला हातमोज्यांवरून कळत होतं. शेवटचा हात स्कर्माचा.

"आज गाऊ नकोस," मोटुप म्हणाला. "समोर कान आहेत. आणि आता गरज नाही."

"नाही गात," स्कर्मा म्हणाला, आणि त्याचा आवाज एवढासा झाला.

बर्फ करकरला. दोर ताणल्याचा आवाज आला, मग पावलांचा, मग तोही विरत गेला. मोटुप तळाच्या कडेला उभा राहिला. थंडी नाकात बोचत होती. वर कुठेतरी ती वाट होती, तिचा प्रत्येक दगड त्याला पाठ होता, आणि त्या दगडांवरून एकेक पावलाचा तांबूस उजेड चढत असेल, असं त्यानं मनात आणून बघितलं. स्वप्नात दिसावं तसं ते त्याला लख्ख दिसलं.

शेजारी पहारेकरी होता, नवीनच आलेला, ओत्सल नावाचा. मोटुपबद्दल त्याला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं.

"ओत्सल, तुझे डोळे चांगले आहेत?"

"एकदम, आचो. तिकडच्या कड्यावरचा कोल्हा सांगेन."

"मग बघ बरं, आपले लोक दिसतायत का वर?"

ओत्सलनं बराच वेळ पाहिलं. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. "नाही, आचो. काही म्हणजे काही दिसत नाही. सगळं काळं आहे."

"मलाही," मोटुप म्हणाला. त्यानं दिवा बरोबर निवडला होता.

मागून बर्फात पावलं वाजली. मग ओत्सल म्हणाला, "चला आचो, माझ्या बदलीचा पहारेकरी आला. चहा घेऊ."

मोटुपनं हात पुढे केला. हवेत जरा शोधल्यावर त्याला पोराच्या जाड कोटाचं टोक सापडलं.

"हे धरू दे," तो म्हणाला. "अंधारात मला दिसत नाही. हळू चाल."